श्रीधरअण्णांची उदाची परीक्षा

श्रीधरअण्णा निपाणकर मला पहिल्यांदा दिसले ते फक्त कमरेपासून खाली. कमरेच्या वरचे अण्णा फॉल्स सीलिंगच्या आत होते. महादेवपुऱ्यात एका आयटी पार्कची इमारत उभी राहत होती. लग्न होऊन नागपूरहून बंगळुरात आलेली मी नुकतीच एका सल्लागार कंपनीत विजेच्या कामांची इंजिनिअर म्हणून लागले होते, आणि पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं की आधी विजेचं काम तपासणाऱ्या निपाणकरसाहेबांना जाऊन भेटा. मी शिडीखाली उभी राहिले आणि त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांना नमस्कार केला. छतातून कानडी वळणाचा आवाज आला, "शिडी धरता का स्वल्प? आणि वास येतोय का बघा." मी विचारलं, "कसला वास?" तर म्हणाले, "उदाचा. सांब्राणीचा." अगंबाई, मनात म्हटलं, कुठे येऊन पडले मी! एवढी मोठी काचेची इमारत, आणि साहेब छतात पूजा घालतायत.

पूजा नव्हती ती. छताखालून लोखंडी केबल ट्रे जात होता, म्हणजे विजेच्या केबल ज्यावरून इमारतभर फिरतात ती लांबलचक पन्हळ. हा ट्रे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो तेव्हा भिंतीला भोक पाडावंच लागतं. ते भोक नंतर नीट बुजवलं नाही, तर एका खोलीत आग लागल्यावर धूर त्याच वाटेने पुढच्या खोलीत जातो आणि ज्वाळा मागाहून येतात. म्हणून त्या भोकात आग न धरणारा लेप भरतात, कारागीर त्याला सरळ ‘मसाला’ म्हणतात. मसाल्याची आगीतली ताकद कारखान्यात तपासलेली असते, पण तो भरताना कुठे फट राहिली का, हे जागेवरच बघावं लागतं. अण्णांची बघायची रीत अशी की भिंतीच्या एका बाजूला धुपाटण्यात ऊद पेटवायचा आणि दुसऱ्या बाजूला माणूस उभा करायचा. वास आला की काम परत. त्यावर वाद नाही, कागद नाही, फोटो नाही. आमच्या सगळ्या धंद्यात या प्रकाराला ‘अण्णांची उदाची परीक्षा’ म्हणत, काही जण कौतुकाने आणि काही जण दात-ओठ खात.

इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना अण्णा माहीत आहेत ते गणपतीच्या आरतीला खड्या आवाजात उभे राहणारे, निपाणीहून पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या घरातले, एका सरकारी कारखान्यात विजेच्या देखभालीचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणून. त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराची तारीख पुढे का गेली, यावर गेले काही दिवस जिन्यात, फोनवर आणि इडलीच्या दुकानात जी कुजबुज चालली आहे, तीही माझ्या कानावर आहे. "त्या ज्योत्स्नाबाईंनी घोळ घातला," असं म्हणतात. ती ज्योत्स्नाबाई मीच. मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी अण्णांच्या कार्यावर लेख मागितला आहे, तो मी लिहितेच आहे, पण त्या घोळाचं सांगितल्याशिवाय अण्णा काय आहेत ते कळायचं नाही. कारण घोळ होता तो आमच्या मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या नोकरदार मुलींच्या जिवाचा. त्यात माझी भाची रेवा आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, "मी आहे ना इथे" असं छाती ठोकून सांगून मी तिला नागपूरहून आणलं होतं. तेव्हापासून माझी झोप अर्धीच झाली आहे.

आधी कामाचं सांगते. अण्णांनी आम्हांला शिकवलं ते आग लागल्यानंतरचं तर होतंच, पण त्याआधी ट्रे बसवतानाचंही होतं. ट्रे छताला टांगतात तो गजांना आणि खिळ्यांना. ट्रे रुंद असतो, मजबूत दिसतो, म्हणून घाईत असलेला फिटर शिडी हलवण्याऐवजी सरळ ट्रेवरच चढून पुढे जातो. महादेवपुऱ्याच्या त्याच साईटवर मंजुनाथ नावाचे एक तरुण फिटर असे ट्रेवर रांगत चालले होते. कंत्राटदाराचे मॅनेजर म्हणाले, "काही होत नाही सर, हत्ती चालला तरी पडणार नाही." अण्णांनी आवाज चढवला नाही. "केळगे इळीरी, मंजुनाथ," खाली या, एवढंच म्हणाले. मंजुनाथ उतरले. मग अण्णांनी तो ट्रे हाताने धरून खाली ओढला आणि छतातला खिळा सिमेंटच्या भुग्यासकट बाहेर आला. मॅनेजरांचा चेहरा असा झाला की बघवेना. अण्णा मंजुनाथना घेऊन चहाला गेले, आणि चहा पिताना त्यांना घरी कोण कोण असतं ते विचारत बसले. मला मात्र त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मी घाबरट झाले, हे मान्य करते. नवरा मला चिडवतो की सिनेमाला गेलं तरी ही पडद्याकडे न बघता छताकडे बघते. खरं आहे. हॉटेलात गेले तर आधी विजेच्या खोलीचं दार कुठे उघडतं ते बघते. कुठे जराशी जळकी झुळूक आली की मी उठून हुंगत फिरते, आणि दहातल्या नऊ वेळा ती कुणाची तरी करपलेली पोळी असते. ऑफिसात याची टिंगल व्हायची. "मॅडमना आज काय जळताना दिसलं?" असं विचारून लोक हसायचे. अण्णा कधी हसले नाहीत. उलट ते मुद्दाम मला परीक्षेच्या वेळी दुसऱ्या बाजूला उभं करायचे. मला वाटायचं, ही शिक्षा आहे.

एकदा मी त्यांना विचारलंच, की अण्णा, तुम्हांला धुराचं एवढं का पडलंय, आग महत्त्वाची नाही का? तेव्हा त्यांनी नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगितली. कारखान्यात एका पॅनेलला आग लागली होती. आग तशी लहान, लवकर विझलीही. पण ट्रेच्या बाजूचं भोक उघडं होतं, त्यातून काळा धूर पलीकडच्या दालनात गेला, आणि तिथे काम करणारे त्यांचे एक मित्र त्यानंतर पुन्हा कधी न थांबता जिना चढू शकले नाहीत. "आग सगळ्यांना दिसली," अण्णा म्हणाले, "माझा मित्र आगीच्या जवळपासही नव्हता." इतकं बोलून त्यांनी धुपाटणं उचललं आणि आम्ही पुढच्या मजल्यावर गेलो.

आता एक गोष्ट लिहिते ती अण्णांच्या परवानगीने. काही वर्षांपूर्वी अण्णांना मोठा ताप आला. त्यातून बरे झाल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते. त्यांच्या पत्नी शालिनीअक्का मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर वाचत बसले होते. दारातच मला करपलेल्या दुधाचा वास आला. गॅसवरचं पातेलं पार काळं झालं होतं, आणि अण्णा त्याच्या हातभर अंतरावर बसून मला म्हणतात, "या, या ज्योत्स्ना, आज इकडे कुठे?" मी गॅस बंद केला. अक्का धावत आल्या, पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. नंतर फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तापानंतर त्यांना वासच येत नाही गं. डॉक्टर म्हणतात, येईल न येईल. कुणाला बोलू नकोस. त्यांचं सगळं काम त्याच्यावर."

मी कुणाला बोलले नाही. पण माझी काळजी दुप्पट झाली. आता उदाच्या परीक्षेत अण्णा स्वतः काहीच ओळखू शकत नव्हते. ते धुपाटणं धरून एका बाजूला उभे राहायचे आणि दुसऱ्या बाजूचा माणूस जे सांगेल त्यावर सही करायचे. माणूस घाईत असला, कंटाळलेला असला, कंत्राटदाराला घाबरून असला, तर? अण्णांचा सगळा लौकिक दुसऱ्याच्या खरेपणावर टांगलेला होता, आणि तो दुसरा माणूस बहुतेक वेळा मी असायचे. बाई गं, माझ्यासारख्या भित्र्या माणसावर देवाने ही काय जबाबदारी टाकावी!

मंडळाच्या इमारतीत तळमजल्यावर सभागृह, त्यावर कार्यालय आणि वाचनालय, आणि वरच्या दोन मजल्यांवर मुलींचं वसतिगृह आहे. विजेच्या सगळ्या केबल एका उभ्या शाफ्टमधून, म्हणजे भिंतीतल्या अरुंद पोकळीतून, मीटरच्या खोलीपासून वरपर्यंत जातात. इमारत बांधली तेव्हा अण्णांनी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधलं भोक स्वतः उभं राहून बुजवून घेतलं होतं. यंदा मुलींच्या मागणीवरून वरच्या मजल्यावर नवीन इंटरनेट घेतलं. ती केबल वर न्यायला आलेल्या माणसांनी काय केलं असेल? मसाला फोडून आरपार वाट काढली. आपल्याकडे हे सर्रास होतं. कुणी मुद्दाम वाईट करत नाही, ज्याला त्याला आपली केबल तेवढी दिसते.

सत्काराची तयारी चालू असताना अण्णा सहज शाफ्टचं दार उघडून बघतात, तर हे. ते तसेच कार्यालयात आले. आमचे अध्यक्ष बापटसाहेब निमंत्रितांना फोन लावत होते. अण्णा म्हणाले, "बापटसाहेब, हे आधी बंद करायला हवं." बापटसाहेब म्हणाले, "अहो अण्णा, नक्की करू. सत्कार होऊ द्या, दुसऱ्या दिवशी माणसं लावतो." अण्णा म्हणाले, "मुली तिथे रोज झोपतात हो. माझा सत्कार एकदाच व्हायचाय." बापटसाहेब मनाने भले, पण हातात काम फार. इंटरनेटवाल्यांनाच त्यांनी दम दिला, आणि त्यांची माणसं दोन दिवसांत लाल मसाला फासून गेली. वरून बघितलं तर काम सुरेख दिसत होतं. बापटसाहेबांनी मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आता तरी निर्धास्त व्हा.

अण्णांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "सरी, ठीक. आता ऊद लावू."

सत्काराच्या आदल्या संध्याकाळी परीक्षा ठरली. सभागृहात शेवंतीच्या माळा लागलेल्या, आचारी चिरोट्यांची कणीक मळत होते, प्रमुख पाहुणे पुण्याहून विमानात बसलेले. तळापासून एकेक मजला तपासत आम्ही वर आलो. खालचे मजले चोख निघाले. शेवटी अण्णा धुपाटणं घेऊन दुसऱ्या मजल्यावर शाफ्टपाशी थांबले, आणि मी, बापटसाहेब आणि रेवा तिसऱ्या मजल्यावर शाफ्टचं दार उघडून उभे राहिलो. जिन्यातून आवाज आला, "येतोय का वास?"

बापटसाहेब लगेच म्हणाले, "नाही, अजिबात नाही!" रेवाने नाक वर करून बघितलं आणि मान हलवली. मी शाफ्टमध्ये डोकं घातलं. काही नाही. मग ट्रे आणि भिंत यांच्या मधल्या बोटभर जागेकडे तोंड नेलं, आणि मला वाटलं, आला. अगदी पुसट. देवघराचं दार लोटलेलं असताना बाहेर येतो तेवढा.

पण माझा माझ्यावर भरवसा असता तर ना! बापटसाहेबांनी माझा चेहरा बघितला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ज्योत्स्नाबाई, तुम्ही संध्याकाळभर उदाजवळ उभ्या आहात. तुमच्या साडीलाच वास लागलाय." तेही खरंच होतं. मी पदर हुंगला, पदराला वास होता. खाली चिरोटी, वर विमान, आणि मी अशी, जिला पोळी करपली तरी इमारत पेटल्यासारखी वाटते. नाही म्हटलं की सगळे सुटले. आणि मी चुकले असले, तर याच मजल्यावर रेवाची खोली. खालून अण्णांनी पुन्हा विचारलं, "ज्योत्स्ना? तुम्ही काही बोलला नाहीत."

मी म्हटलं, "येतोय अण्णा. बहुतेक."

‘बहुतेक’ ऐकून बापटसाहेबांनी कपाळाला हात लावला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नक्की सांगा. खरंच येतोय का, भास होतोय? सगळं आयुष्य मी हेच ऐकत आले आहे. अण्णांनी फक्त एक शब्द विचारला. "कुठे?"

त्या एका शब्दाने माझं डोकं ठिकाणावर आलं. येतोय की नाही हे मला ठाऊक नव्हतं, पण कुठे ते मी सांगू शकत होते. "ट्रेच्या मागे, भिंतीकडच्या कोपऱ्यात." अण्णांनी मंजुनाथना वर पाठवलं. हो, तेच मंजुनाथ. आता पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि अण्णांनी बोलावलं की हातातलं काम टाकून येतात. त्यांनी त्या कोपऱ्यात पेचकस घातला. लाल मसाल्याचा पापुद्रा पापडासारखा मोडला आणि मागून थर्माकोलचा तुकडा बाहेर आला. नव्या राउटरच्या खोक्यातला थर्माकोल भोकात कोंबून वरून नुसता मसाला फासला होता. आग राहू दे, थर्माकोल तर नुसत्या धगीनेच वितळला असता. तुकडा काढल्याबरोबर धुराची एक बारीक रेघ सरळ वर आली, आणि आता वास सगळ्यांना आला.

खाली जाऊन ही बातमी, आणि भोक नीट बुजेपर्यंत सत्कार नको हे अण्णांचं म्हणणं, सांगितल्यावर सभागृहात जो गलका झाला, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला आहे. कुणी म्हणालं एक दिवसाने काय बिघडतंय, कुणी म्हणालं या बाईंना सवयच आहे, अण्णा बरे यांचं ऐकतात. मी खांबामागे उभी होते, रडू आवरत. तेव्हा अण्णा धुपाटणं हातात घेऊनच पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "स्वल्प ऐका. मला गेली काही वर्षं कसलाच वास येत नाही. या परीक्षा मी घेतो, पण निकाल हे लोक सांगतात. आज वर उभे असलेले बाकीचे नाही म्हणाले आणि या एकट्या हो म्हणाल्या. यांना भीती वाटते म्हणूनच मी यांना उभं करतो. ज्यांना भीती वाटत नाही, त्यांना मी इतकी वर्षं घरी पाठवत आलोय."

शालिनीअक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. जे त्यांनी कुणाला सांगू नको म्हणून मला विनवलं होतं, ते अण्णांनी आपल्या सत्काराच्या आदल्या दिवशी साऱ्या मंडळापुढे सांगून टाकलं, ते माझ्यासाठी. बापटसाहेबांनी खिशातून फोन काढला आणि तारीख पुढे गेल्याचं पाहुण्यांना स्वतः कळवलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून शाफ्टपाशी खुर्ची टाकून बसले, आणि मंजुनाथनी सगळं खरवडून नव्याने भरेपर्यंत उठले नाहीत. पुढे कुणाला केबल टाकायची झाली तर फोडाफोड नको, म्हणून भोकाच्या एका भागात मंजुनाथनी आग न धरणाऱ्या छोट्या उशा बसवल्या आहेत, त्या काढून परत लावता येतात.

लोक मला विचारतात, आता तरी भीती गेली का? कुठली जायला! गेल्या आठवड्यात दुपारी रेवाचा फोन आला. ती म्हणाली, "मावशी, हसू नकोस हं. आमच्या मजल्यावर काहीतरी जळल्यासारखं वाटतंय. मैत्रिणी म्हणतात काही नाही, मलाही नक्की कळत नाहीये." माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं, भास होत असेल तुला. ते गिळलं आणि विचारलं, "कुठे?" ती फोन कानाला लावूनच एकेका दारापाशी गेली. कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी इस्त्री चालू ठेवून अंघोळीला गेली होती. चादरीला भोक पडलं होतं, गादी धुमसायला लागली होती. मुलींनी प्लग काढला, पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या. रेवा मग फोनवर खूप रडली, आणि मीही.

हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी ते व्यासपीठावर बसतील, शाल अंगावर येईल, भाषणं होतील, मोठी माणसं त्यांना शतायुषी व्हा म्हणतील. मी तेवढ्यावर थांबणार नाही, मला लोभ आहे. अण्णा, तुमची छाती ठणठणीत राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि अक्कांच्या हातचं तुम्हांला पुष्कळ वर्षं गोड लागो, जमलं तर त्याचा वासही परत येवो. शिडीवर मात्र आता आम्हांला चढू द्या. वरच्या मजल्यावरच्या मुली आज दुपारी तुमच्यासाठी स्वागतगीत बसवत होत्या. मी जिन्यात उभी राहून मोजल्या, सगळ्या होत्या.